मोटर एकच आणली, हिशोब पार डिफपर्यंत गेला

तर झालं असं की दिवाळीचा बोनस आला आणि गेली दोन वर्षं पार्किंगमध्ये शेळीसारखी फिरणाऱ्या आमच्या आरसी, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीतली ब्रशवाली मोटर आता काढायचीच असं मी ठरवून टाकलं. गाडी वन-टेन्थ (खऱ्याच्या एक दशांश मापाची) शॉर्ट कोर्स ट्रक, फोर बाय फोर, सेकंडहँड घेतलेली. नवीन मोटर ब्रशलेस, ३६६० साइज म्हणजे ३६ मिलीमीटर व्यास आणि ६० मिलीमीटर लांबी, ४००० केव्ही, सोबत १२० अँपचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर. बायकोला फक्त मोटरची किंमत सांगितली, बाकीचं अजून सांगायचंय.

केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नाही हां, आमच्या ऑफिसातल्या एका इलेक्ट्रिकल इंजिनिअरनेपण आधी तेच ऐकलं होतं. एका व्होल्टला बिनलोड किती आरपीएम, एवढाच त्याचा अर्थ. थ्री-एस लायपो म्हणजे तीन सेलची लिथियम बॅटरी, ११.१ व्होल्ट, गुणिले ४०००, झाले ४४,४०० आरपीएम. आकडा बघून मला रात्री झोप लागेना.

रविवारी सकाळी सात वाजता पुण्यात धायरीच्या पलीकडे एका प्लॉटिंगच्या रिकाम्या डांबरी रस्त्यावर गेलो, सोबत बाबा आणि भाचा. ट्रिगर अर्धा दाबला, पुढची चाकं उचलली, भाचा ओरडला "मामाऽऽ", आणि पुढच्या सेकंदाला कर्रर्र असा आवाज येऊन मोटर किंचाळत राहिली आणि गाडी जागेवर. पहिली रन साधारण पंधरा मीटरची.

घरी येऊन कव्हर उघडलं तर स्पर गियर (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या पिनियन गियरला लागून फिरणारा मोठा गियर) म्हणजे बघण्यासारखी गोष्ट झाली होती. प्लास्टिकचा ५४ दाती, त्याच्या कडेचे दात शाबूत आणि मधोमध पिनियनच्या रुंदीएवढा पट्टा वस्तऱ्याने भादरल्यासारखा गुळगुळीत, आणि आत सगळीकडे पांढरा भुसा. बाबांनी तो हातात घेऊन उजेडात धरला. ते तीस वर्षं मशीन शॉपमध्ये होते त्यामुळे बोलायच्या आधी बघतात. मग म्हणाले, "अरे, मेश सैल ठेवलास की, दात नुसते टोकाला लागत होते." मेश म्हणजे दोन गियरचे दात एकमेकांत किती खोल बसतात ते.

मग त्यांनीच पाकिटातून पीएमटीचं एक जुनं तिकीट काढलं, नव्या स्पर आणि पिनियनच्या मध्ये घातलं, मोटर दाबून धरली, दोन्ही स्क्रू आवळले आणि गियर फिरवून तिकीट बाहेर काढलं. तिकिटावर बारीक बारीक घड्या, फाटलेलं मात्र कुठे नाही. मग स्पर अंगठ्याने हळूहळू पूर्ण एक फेरा फिरवला कारण म्हणे प्लास्टिकचा गियर कधीच शंभर टक्के गोल नसतो, जिथे सगळ्यात घट्ट लागतो तिथे मेश लावायचा. हे सगळे व्हिडिओवाले कागदाच्या पट्टीने करतात ते मला माहीत होतं, पण घट्ट जागा शोधायची हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पिनियन शाफ्टवर धरून ठेवणारा ग्रब स्क्रूपण तेव्हाच कळला. शाफ्टवर एक सपाट जागा असते, स्क्रू बरोबर तिच्यावरच बसायला पाहिजे, आणि थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) लावायच्या आधी तेल पुसून काढायचं नाहीतर ते धरत नाही. मी तेलावरच लावलं होतं अर्थात.

आता सगळे म्हणतात स्टीलचा स्पर टाक, विषय संपला. मी नाही टाकला. प्लास्टिकचा स्पर हा फ्यूज आहे माझ्या मते. घरातला फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे जाड तार घातली तर पुढे काय जळतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तसंच स्लिपर क्लचचं, म्हणजे जास्त झटका आला की मुद्दाम घसरणाऱ्या क्लचचं, लोक तो पूर्ण आवळून टाकतात कारण सुटताना तो जरा किर्र करतो आणि त्यांना वाटतं पॉवर वाया चालली. अरे तो किर्र करतोय म्हणूनच उडीवरून पडताना चाकं फिरत असली तरी तो झटका दातांवर न जाता पॅडवर जातो! मी नट पूर्ण आवळून मग थोडा सोडतो, सुटताना पहिला हातभर किर्र, मग गप्प.

पण एवढं करूनही दुसऱ्या रविवारी मागचा ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाकापर्यंत जोर नेणारा दांडा, गेला. प्लास्टिकचा, तुटला नाही, पिळला. चकलीसारखा. म्हणून चारी चाकांना स्टीलचे सीव्हीडी (सांधा असलेले ड्राइव्हशाफ्ट) मागवले, बसवले, आणि तिसऱ्या रविवारी पुढच्या डिफमधून (डिफरन्शियल, वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो तो) टक टक टक.

इथे मला ट्यूब पेटली की आपण दुरुस्ती करत नाहीये, आपण नुसता लोड पुढे सरकवतोय. मोटरचा जोर कुठेतरी जाणारच, आधी स्पर सगळ्यात कच्चा होता, मग शाफ्ट, ते पक्के झाले की मग डिफचा मोठा रिंग गियर. मी जर परत सुरुवात करीन तर चाकाकडून करीन, बेअरिंग, डिफ, शाफ्ट असं करत मोटर सगळ्यात शेवटी, पण असं कोण करतं, बोनस आल्यावर कोणी बेअरिंग घेतं का.

डिफ उघडला तर रिंग गियरच्या दोन दातांचे टवके उडालेले. कारण प्लास्टिकची केस लोडखाली किंचित फाकते, रिंग आणि डिफचा स्वतःचा छोटा पिनियन एकमेकांपासून लांब जातात, दात घसरतात, टक. त्यावर उपाय शिम, म्हणजे कागदासारखे पातळ वॉशर. बाबा म्हणाले चल, नाना पेठेत बघू. तिकडे एका दुकानात पाच-अकरा-चारची बेअरिंगं मिळाली (आत पाच, बाहेर अकरा, रुंदी चार मिलीमीटर, आमच्या गाडीत ह्याच साइजची सगळीकडे आहेत), शिम मात्र पाहिजे त्या व्यासाचे मिळाले नाहीत, शेवटी ऑनलाइन आले. ०.१ मिलीमीटरचा एक रिंगच्या मागे टाकला तरी खडखड होती, दोन टाकले तर फिरवताना मस्त घट्ट पण अडकत नाही असं. तीन टाकले असते तर बेअरिंग खाल्लं असतं.

डिफमध्ये आधी नुसतं ग्रीस होतं. त्याच्यामुळे वळणावर आतलं चाक हलकं झालं की सगळी पॉवर त्या एकट्या चाकाला आणि ते बिचारं फुग्यासारखं फुगून हवेत गरगर. आता पुढे ५० हजारचं सिलिकॉन ऑइल आणि मागे १० हजारचं, आकडा जितका मोठा तितकं ऑइल घट्ट. १० हजारचं ओतताना मधासारखं पडतं, ५० हजारचं म्हणजे थंडीतली काकवी, बाटली उलटी धरून चहा करून या, तोपर्यंत निम्मं उतरलेलं असतं. बुडबुडे जाईपर्यंत रात्रभर तसंच ठेवलं.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. बॅटरी जोडायचा जुना टी-प्लग गरम होत होता, एक्सटी-९० नावाचा मोठा प्लग लावायचा ठरवला, तापकीर गल्लीतून बारा गेजची सिलिकॉन वायर आणली आणि घरातल्या २५ वॅटच्या सोल्डरिंगने जोडायला बसलो. जाड वायर सगळी उष्णता ओढून घेते, टाका वरून चकचकीत आणि आतून कच्चा. मग ६० वॅटचं आणलं. हे पहिल्यांदाच आणा. आणि लायपो वापरून झाली की पूर्ण भरून कपाटात ठेवू नका, सेलमागे ३.८ व्होल्टला आणून ठेवा, माझी एक अशीच फुगून उशी झाली.

आता गियरिंग, ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त डोकं खाल्लंय. ज्याच्याकडून मोटर घेतली तो म्हणाला १३ दाती पिनियन लाव, काही होत नाही. माझ्या गाडीत डिफचा आतला रेशो २.८५. म्हणजे ५४ भागिले १३ गुणिले २.८५, आले ११.८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे ११.८ फेरे. टायर ११० मिलीमीटरचा, एका फेऱ्यात साडेचौतीस सेंटीमीटर जातो, कागदावर ताशी ७८ किलोमीटर! लावलं. एप्रिलचं ऊन, चार मिनिटं पळवली आणि टेम्परेचर गन मोटरवर धरली तर ९४ डिग्री. हात लावून बघितला, लावायला नको होता.

होतं काय की पिनियन मोठा झाला की मोटर तिच्या आवडत्या वेगापर्यंत पोचायला वेळ लावते, आणि ब्रशलेस मोटर जितकी हळू फिरते तितका उलटा व्होल्टेज कमी तयार होतो, म्हणून करंट जास्त खेचते. त्यात आमच्यासारखे लोक दर दहा मीटरवर ब्रेक मारून परत ट्रिगर. सगळा करंट गरमीत जातो, आणि आतले मॅग्नेट फार तापले की कायमचे कमजोर होतात, मग मोटर दिसायला नवीन पण दम नाही.

११ दाती टाकला. रेशो १४, कागदावर ६६ किलोमीटर. तेवढंच ऊन, तेवढीच चार मिनिटं, गनवर ७१. जीपीएसवर खरा आकडा ५७ आला कारण बॅटरी लोडखाली बसते आणि हवा पण आहे, कागद फक्त फुशारकी मारायला. पण गंमत म्हणजे छोट्या रस्त्यावर ही ११ वाली १३ पेक्षा आधी पोचते, भाच्याने मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तीनदा बघितलं.

परवा नवीन गडबड, स्टिअरिंग डावीकडे वळून तिथेच अडकलं. सर्व्होचे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचे, आतले प्लास्टिकचे दात गेले. बाबांनी उघडून बघितलं आणि म्हणाले, "ह्याच्यात तिकीट घालायला जागा नाही रे." मेटल गियरचा मागवलाय, मंगळवारी येईल, तोपर्यंत गाडी टेबलावर आणि ते घड्या पडलेलं तिकीट टूलबॉक्सच्या झाकणात चिकटवलंय.