चालतंय का?

साडेबारा वाजलेत, मटकी भिजत घालायची राहिलीये, पाय ठणकतायत, आणि मी हे लिहीत बसलीये कारण झोप येणार नाहीये हे मला माहितीये.

आज ऑफिसात पार्टी होती, आमचं मेसेजिंग ॲप वापरणाऱ्यांचा आकडा वाढला म्हणून. टेबलं सगळी भिंतीला सरकवलेली, मधे तो सोनेरी फुग्यांचा आकडा. शेवटचं शून्य सकाळपासून गळत होतं आणि एचआरची ती पोरगी दर अर्ध्या तासाने स्टुलावर चढून त्याला सेलोटेप लावत होती. मी म्हणलं, राहू दे गं, एक शून्य पडलं तर आपण फार तर दोन वर्षं मागे जाऊ. ती हसली नाही. तिला बहुतेक दोन वर्षांपूर्वी आम्ही किती होतो तेच माहीत नसावं. (त्या आकड्यात माझी टेस्टिंगची खाती किती आहेत तेही कोणाला माहीत नाही, आणि मी सांगणार नाही. महिन्यात एकदा ॲप उघडलं की माणूस ॲक्टिव्ह. या हिशोबाने माझं जिम पण ॲक्टिव्ह आहे.)

तर केडी, म्हणजे आमचा बॉस, बोलायला उभा राहिला. स्लाइड 1, स्लाइड 2, ठीक. चौथ्या स्लाइडवर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात ‘आपला पहिला मेसेज’, आणि खाली, लेट्स बिल्ड समथिंग टुगेदर. खाली केडीचं नाव, 2018. टाळ्या. मी पण वाजवल्या, हातात पनीर टिक्क्याची काडी होती तरी वाजवल्या.

पण पहिला मेसेज तो नव्हता ना.

पहिला मेसेज ‘चालतंय का?’ असा होता आणि तो मी पाठवला होता. कर्वेनगरचा फ्लॅट, रविवार, बाहेर धो धो पाऊस, राउटर स्वयंपाकघरातच होता म्हणून मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभी, तेव्हाचा सहकारी पम्या आतल्या खोलीत. मराठीत टाइप केलं कारण जोडाक्षरं तुटतायत का बघायचं होतं, आणि आत्ता लक्षात येतंय की ‘चालतंय का’ मधे एकही जोडाक्षर नाहीये, म्हणजे टेस्ट म्हणून पण कच्चीच. एंटर दाबलं तर उत्तर आधी तोंडी आलं, आतून ओरडला, आलं आलं आलं! मग स्क्रीनवर आलं, ‘हो. चहा टाक.’ केडी त्या दिवशी पुण्यात पण नव्हता, मुंबईला गेला होता पैसेवाल्यांकडे.

आता यात वाईट वाटण्यासारखं काय आहे. काही नाही. येताना कॅबमधे मी स्वतःला हेच सांगत होते, आणि विद्यापीठ चौकात गाडी अडकल्यावर परत पहिल्यापासून. तिथला जुना पूल 2020 मधे पाडला तेव्हा पण मला असंच उगाच वाईट वाटलं होतं, ज्या पुलावर मी रोज अर्धा तास शिव्या घालत थांबायचे त्या पुलाबद्दल.

जोडाक्षरांचा बग मीच शोधला होता, नंतर. नोटिफिकेशन ठरावीक अक्षरांवर कापायचो, आणि कॉम्प्युटरच्या लेखी ‘लक्ष्मी’ हा दोन अक्षरी शब्द नाही, तो सात तुकड्यांचा आहे, ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि वेलांटी. चुकीच्या तुकड्यावर कात्री चालली की ‘लक्ष्मी रोडला ये’चं नुसतं ‘लक्ष्’ उरायचं, शेवटी पाय मोडलेला ष. ‘स्त्री’चे तर सहा. दोन आठवडे घालवले आम्ही त्यावर. रिलीजच्या यादीत ते ‘किरकोळ सुधारणा’ म्हणून गेलं. तेव्हा नव्हतं वाटलं काही. आज वाटलं. आज सगळंच वाटलं, अगदी अप्रेझलचं सुद्धा, पण ते जाऊ दे.

एक नवा मुलगा प्लेट घेऊन शेजारी आला, मॅम तुम्ही कधीपासून आहात इथे? पहिल्यापासून म्हणलं. तो म्हणाला, वॉव, म्हणजे कोविडच्या आधी!! हो रे बाळा. कोविडच्या आधी. शनिवारवाड्यात पेशवे होते तेव्हा.

घरी आल्यावर आईने विचारलं कसा झाला कार्यक्रम, म्हणलं छान. तिचे रिपोर्ट उद्या येणारेत, त्यावर दोघीही बोललो नाही.

मग बसून शोधत बसले की बाकीच्यांचे पहिले मेसेज काय होते. 1876 चा बेलचा टेलिफोन, वॉटसनना इकडे या म्हणून बोलावलंय, म्हणजे कामच सांगितलंय. 1969 ला इंटरनेटच्या आजोबांवर, म्हणजे अर्पानेटवर, ‘लॉगिन’ पाठवायचं होतं, एल गेला, ओ गेला, पुढे सिस्टीम बसली. आणि 1971 मधे पहिला ईमेल ज्याने पाठवला त्या टॉमलिन्सनला आपण काय लिहिलं तेच आठवत नव्हतं, कीबोर्डची वरची ओळ असेल, क्यूडब्ल्यूईआरटीवाय वगैरे, असं म्हणायचा. म्हणजे कोणीच पहिल्या फटक्यात ‘लेट्स बिल्ड समथिंग’ म्हणत नाही हो. चालतंय का असंच विचारतात. हे वाचून मला इतकं बरं वाटलं की केडीला स्क्रीनशॉट पाठवायला निघाले होते.

आणि मग आठवलं. पुरावा कुठाय? टेस्टचा सगळा डेटा लाँचच्या आदल्या रात्री उडवला होता, आणि तो मी उडवला होता. चेकलिस्टमधे ‘टेस्ट डेटा साफ केला’ समोर टिक माझी. पम्या म्हणाला पण होता, बॅकअप घेऊ का, मी म्हणलं, काय करायचाय कचरा. म्हणजे केडी खोटं बोलला असंही नाही, आत्ताच्या डेटाबेसमधे पहिल्या ओळीत त्याचाच मेसेज आहे. मी स्वतःच त्याला जागा करून दिली, झाडून पुसून.

यावर मात्र हसू आलं. एकटीच हसले, आई म्हणाली काय गं, म्हणलं काही नाही झोप.

शेवटी पम्याला मेसेज टाकला, तिकडे त्याची संध्याकाळ. व्हॉट्सॲपवरच. आमच्या ॲपवर तो आता नाही, आणि खरं सांगायचं तर आजच्या पार्टीचं सगळं ठरलं ते पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच, केक अंड्याचा की बिनअंड्याचा यावर तिथे साठ मेसेज झाले. तर लिहिलं, आठवतंय का, पहिला मेसेज, चालतंय का, चहा टाक?

लगेच उत्तर आलं. ‘चहा आठवतोय. पण पहिला तुझा नव्हता, माझा होता. एएसडीएफ. तुझ्या आधी पाच मिनिटं.’

मी लिहिलं, तो गेलाच नव्हता रे, एरर आला होता, मी स्वतः बघितला.

अजून टिका निळ्या झाल्या नाहीयेत. मटकी घालते भिजत.