कातानियात सांत'आगाताच्या उत्सवाला जाताना

सांत'आगाता म्हणजे संत आगाता. तिच्या उत्सवाच्या तारखा ठरलेल्या आहेत: ३, ४ आणि ५ फेब्रुवारी. वार कोणताही असो, त्या बदलत नाहीत. सिसिलीतल्या कातानिया शहराला या दिवसांत जायचं असेल तर विमानाचं तिकीट आणि राहायची जागा दिवाळीआधीच पक्की करा. भारतातून जाताना वाटेत, जसं रोम किंवा मिलानला, विमान बदलावं लागतं. आम्ही तिघी गेलो होतो: मी, माझी सत्तरी ओलांडलेली आई आणि मिलानमध्ये शिकणारी भाची. भाचीला इटालियन येतं, त्यामुळे लोकांशी मोकळेपणाने बोलता आलं.

थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण ती माहीत असली की समोर जे दिसतं त्याचा अर्थ लागतो. आगाता ही याच शहरातली मुलगी. रोमन सम्राट डेसियसच्या काळात, इ. स. २५१ मध्ये, ख्रिस्ती श्रद्धा सोडायला आणि इथल्या अधिकाऱ्याच्या मागणीला नकार दिला म्हणून तिचे हाल करून तिला मारलं, अशी परंपरा सांगते. तिचे स्तन कापले होते, म्हणून आजही स्तनाच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या बायका तिला नवस बोलतात. पुढे १०४० मध्ये एका बायझंटाइन सेनापतीने तिचे अवशेष कॉन्स्टॅन्टिनोपलला नेले. दोन सैनिकांनी ते १७ ऑगस्ट ११२६ रोजी परत आणले. बातमी रात्री कळली आणि लोक झोपायच्या कपड्यांतच रस्त्यावर धावले, असं इथे सांगतात. भक्तांच्या पांढऱ्या झग्याची एक कथा ही अशी. झग्याला म्हणतात ‘साक्को’. सोबत काळी मखमली टोपी, पांढरे हातमोजे आणि हलवायला पांढरा रुमाल.

पहिल्या दिवशी, ३ तारखेला, दुपारी मेण अर्पण करण्याची मिरवणूक निघते. रात्री पियाझ्झा दुओमोमध्ये आतषबाजी होते. आतषबाजी सुंदर असते, पण त्या चौकातली गर्दी इतकी दाटते की म्हातारं माणूस किंवा लहान मूल सोबत असेल तर मी तिथे जाऊ नका असंच सांगेन. आम्ही त्याऐवजी ‘कांदेलोरे’ बघत फिरलो आणि मला तीच संध्याकाळ जास्त आवडली. कांदेलोरा म्हणजे लाकडाचा कोरीव, सोनेरी मुलामा दिलेला मनोरा. प्रत्येक व्यवसायाचा आपापला: मासळीवाल्यांचा, खाटकांचा, भाजीवाल्यांचा, फुलवाल्यांचा. बेकरीवाल्यांचा सगळ्यात जड, जवळपास ९०० किलोंचा. तो खांद्यावर घेऊन माणसं नुसती चालत नाहीत, डोलत चालतात. या चालीला ‘आन्नाकाता’ म्हणतात. आपल्याकडे पालखी नाचवतात तशीच ही चाल, फक्त वजन कितीतरी जास्त. एका बोळाच्या तोंडाशी मनोरा खाली टेकला तेव्हा आम्ही हातभर अंतरावर होतो. वाहणाऱ्यांच्या मानेवर भरलेल्या गोणपाटाची जाड घडी होती, ती घामाने काळी पडली होती. एकाने ती उचलून पिळली, पुन्हा मानेवर ठेवली आणि बँड सुरू होताच दांडीखाली शिरला. कांदेलोरे उत्सवाच्या आधीचे काही दिवस गल्लीबोळांतून हिंडतात, त्यामुळे जमलं तर १ तारखेलाच पोहोचा. गर्दी नसताना ते जवळून दिसतात.

४ तारखेला पहाटे उठाच. कॅथेड्रलमधल्या ज्या खोलीत आगाताची मूर्ती वर्षभर बंद असते, तिला तीन किल्ल्या लागतात आणि त्या तीन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. सहाच्या सुमाराच्या प्रार्थनेआधी ती बाहेर येते. कमरेपर्यंतची ही मूर्ती चांदीची, १३७६ मधली, सिएनाच्या जोव्हान्नी दी बार्तोलो या सोनाराने घडवलेली. अंगावर शतकानुशतकं वाहिलेले दागिने. आत जागा हवी तर पहाटे चारच्या आधी रांगेत राहावं लागतं. आम्ही बाहेर, हत्तीच्या कारंज्याजवळ उभ्या राहिलो. दारं उघडली आणि हजारो पांढरे रुमाल एकदम हलले. एकाने ओरडून विचारलं, “सेमू तुत्ती देवोती तुत्ती?” आपण सगळे भक्त आहोत ना? आणि चौकातून उत्तर आलं, “चेत्तू, चेत्तू!” आईला एक शब्द कळत नव्हता, पण तिने हात जोडले होते.

मग मूर्ती ‘वारा’वर, म्हणजे चांदीच्या रथावर, चढते. रथाला शंभर मीटरहून लांब दोन दोर असतात आणि भक्त ते ओढतात. ४ तारखेला रथाला लाल कार्नेशनची फुलं, ५ तारखेला पांढरी. ४ तारखेला तो जुन्या शहराच्या बाहेरच्या वेढ्याने जातो: समुद्राच्या बाजूने, स्टेशनाजवळून, मग साध्या वस्त्यांमधून. बघायला हाच दिवस निवडा, असं माझं स्पष्ट मत आहे. ५ तारखेचा व्हिया एत्नेआ या मोठ्या रस्त्याचा मार्ग भव्य आहे, पण ४ तारखेला रथ लोकांच्या दारात येतो. बाल्कन्यांतून चादरी सोडलेल्या असतात, तान्ही मुलं हातोहात वर देऊन मूर्तीजवळ नेतात, आणि कोणी नवसाची आपल्या वजनाइतकी जड मेणबत्ती खांद्यावर घेऊन अनवाणी चालत असतं.

छापील वेळापत्रकावर विसंबून राहू नका. रथ ठिकठिकाणी थांबतो आणि काही तास उशीर होणं अगदी नेहमीचं आहे. रथामागे धावण्यापेक्षा एक जागा निवडा आणि तिथेच थांबा. आईसाठी आम्ही पियाझ्झा स्तेसिकोरोजवळचं कॉफीचं दुकान धरलं. तिथे टेकायला खुर्ची आणि स्वच्छतागृह, दोन्ही मिळालं. समोरच रोमन अँफिथिएटरचे अवशेष आहेत आणि आगाताला कोंडलं होतं असं मानतात ते चर्चही हाकेच्या अंतरावर.

५ तारखेची रात्र जागायची असेल तर दुपारी झोप काढा. संध्याकाळी निघालेला रथ व्हिया एत्नेआवरून वर जाऊन परत येतो, मग सानजुलियानो रस्त्याचा उभा चढ. मेणामुळे रस्ता फारच निसरडा झाला असेल तर हा चढ रद्दही होतो. चढावर दोरांच्या जवळ अजिबात उभं राहू नका. रथ शेवटी व्हिया क्रोचीफेरी या रस्त्यावर पोहोचतो तेव्हा ६ तारखेची पहाट झालेली असते, कधी उजाडूनही जातं. तिथे सान बेनेदेत्तो चर्चच्या जाळीदार फाटकामागून बेनेदिक्तीन नन्स गातात. रात्रभर ओरडून घसे बसलेली माणसं तेवढा वेळ गप्प होतात. भाची आणि मी गेलो होतो, आई खोलीवर राहिली. तिच्यासाठी केलेलं रेकॉर्डिंग ती अजून लावते.

आता मेणाबद्दल. रस्त्यावर मेण सांडतं, त्यावर लाकडाचा भुसा टाकतात, तरी पाय सरकतो. रबरी तळव्याचे बूट हवेतच. जॅकेटवर मेण पडलं तर खरवडू नका. वाळू द्या, मग वर-खाली कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. उत्सव संपल्यावरही रस्ते साफ व्हायला दिवस लागतात, म्हणून स्कूटर भाड्याने घेण्याचा विचार सोडा. एटना ज्वालामुखीवर गाडीने जायचं तर ७ तारखेनंतर ठेवा.

या दिवसांत जुन्या शहरात बस आणि टॅक्सी जवळजवळ शिरतच नाहीत. मेट्रो मात्र उशिरापर्यंत असते. स्तेसिकोरो आणि स्टेशनाजवळचं जोव्हान्नी व्हेंतित्रेएझिमो ही दोन स्थानकं उपयोगाची. खोली मिरवणुकीच्या मार्गावर घेऊ नका, रात्रभर फटाके वाजतात. मेट्रोपासून चालत पाच मिनिटांवर बघा. सामान कमी न्या, कारण लाव्हाच्या दगडी फरसबंदीवर चाकांची बॅग ओढताना हात भरून येतात. रात्री हवा आठ-नऊ अंशांवर उतरते, पावसाची शक्यता असते. छत्री गर्दीत नको, रेनकोट न्या.

खाण्याची चंगळ आहे. ‘मिन्ने दी सांत'आगाता’ म्हणजे रिकोटा चीज भरलेले गोल केक, वर पांढरा साखरेचा थर आणि एक चेरी. आगाताच्या छळाची ती आठवण. बदामाच्या हिरव्या गोळ्या म्हणजे ‘ओलिव्हेत्ते’. शाकाहारी लोकांनी वांग्याची पास्ता आल्ला नोर्मा मागावी, ती याच शहराची. आरान्चिनी, म्हणजे तळलेले भाताचे गोळे, घेताना आत काय आहे हे आधी विचारा, नेहमीच्या टोकदार आरान्चिनीत मांस असतं. आणि रस्त्यावर कागदाच्या पुडीत ‘कालिया’ मिळतं, म्हणजे चक्क फुटाणे. आईचा त्यावरच निभाव लागला.

फेब्रुवारी जमणार नसेल तर १२ फेब्रुवारीला उत्सवाचा आठवा दिवस साजरा होतो, आणि १७ ऑगस्टला अवशेष परत आल्याचा दिवस. दोन्ही वेळी मूर्ती बाहेर येते, मिरवणूक छोटी असते आणि गर्दी बरीच कमी. ऑगस्टमध्ये ऊन मात्र कडक, तेव्हा संध्याकाळीच बाहेर पडा.