लेकीच्या रायफलीला आठ मिलिमीटर

दहावीच्या वर्षात लेक एकदम उंच झाली आणि तिची एअर रायफल तिला बुटकी पडू लागली. पीप साईटला, म्हणजे मागच्या बारीक भोकाच्या साईटला, डोळा लावायला मान पुढे काढून खाली घालायची. साठ शॉट होईपर्यंत मान आखडायची, शेवटच्या दोन सिरीज (दहा-दहा शॉटच्या) घसरायच्या. कोचनी सांगितलं, चीकपीस (गाल टेकवायचा भाग) आणि पुढची-मागची दोन्ही साईट आठ मिलिमीटर वर घ्या.

चीकपीस स्क्रूवर वर गेला. साईट उंच करायला खाली बसवायचा ब्लॉक मात्र बाहेरून मागवायचा तर बराच थांबावं लागणार होतं. आम्ही सांगलीकर, कुपवाड एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. ॲल्युमिनियमचे करूनच घेऊ म्हटलं.

पहिली जोडी वाया गेली. डव्हटेल पट्टी, म्हणजे साईट जिच्यावर सरकवून बसवतात ती रायफलीवरची उतरत्या कडांची पट्टी, 11 मिलिमीटरची, एवढंच मी सांगितलं होतं. रुंदी बरोबर आली, पण बाजूच्या उताराचा कोन जुळला नाही. ब्लॉक नुसत्या कडांवर टेकला. बोटाने दाबलं की साईट डुलायची. कारागिराचं काही चुकलं नव्हतं. 11 मिलिमीटरच्या पट्ट्यांचेही कोन वेगवेगळे असतात, हे मलाच ठाऊक नव्हतं.

रायफल वर्कशॉपात न्यायची नव्हती. मग पट्टीला तेलाचा हात फिरवून वर एम-सील दाबलं. कडक झालेला ठसा उचलून निघत नाही, पट्टीवरून सरकवतच काढावा लागतो. मिलिंगवाल्या मामांनी तो उजेडात धरला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता कळलं. पुढचा-मागचा एकाच बारमधून, एकाच सेटिंगला काढतो. उंचीत फरक नको." त्याचं मोल घरी हिशेब केल्यावर उमगलं. दोन साईटमधलं अंतर साधारण 80 सेंटिमीटर. एक ब्लॉक 0.1 मिलिमीटरने चुकला तर 10 मीटरवर छर्रा सव्वा मिलिमीटर सरकतो, आणि टार्गेटवरची एकेक रिंग असते अडीच मिलिमीटरची.

बसवताना छर्रा नाही याची खात्री केली, नळीत सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) घातला. स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे आवळले. ॲल्युमिनियमचे आटे पटकन जातात. रायफलीचं वजन 5.5 किलोच्या मर्यादेतच राहिलं.

पहिले पाच छर्रे एकमेकांना चिकटून, पण तीन रिंग खाली. लेकीचा चेहरा उतरला. कागदावर रेघा मारून दाखवलं: नळी होती तिथेच, नजर आठ मिलिमीटर वर गेली, मग छर्रा तेवढाच खाली लागणार. तिने एकेक क्लिक मोजत मागची साईट चढवली, आकडा वहीत लिहिला. त्या दिवशी साठावा शॉटही मान ताठ ठेवून मारला.

ठसा मी डबीत जपून ठेवला होता. परवा त्याच मॉडेलची रायफल असलेल्या मुलीचे वडील तो घेऊन कुपवाडला गेले.