स्नेअरचं रबरी पॅड काढून मेश पॅड लावताना

इलेक्ट्रॉनिक ड्रम किटमधलं एकच पॅड बदलणं परवडणार असेल, तर स्नेअरचं बदला. घोस्ट नोट (जेमतेम ऐकू येणारे फटके), रिमशॉट (हेड म्हणजे वरचा पडदा आणि रिम म्हणजे काठ, दोन्हींवर एकदम फटका), क्रॉस-स्टिक (काठी हेडवर आडवी ठेवून रिमवर मारणं), सगळं नाजूक काम तिथेच होतं, आणि ८ इंची रबरावर ते जमत नाही. १० इंची मेश (जाळीदार हेडचं पॅड) चालतं, १२ इंची उत्तम. किटच्या सांगाड्यावर न टांगता ते वेगळ्या स्टँडवर ठेवा. मात्र साध्या १४ इंची स्नेअरच्या स्टँडचे पंजे १० इंचाला घट्ट धरतीलच असं नाही, आधी बसवून बघा.

विकत घेण्याआधी रिमखाली काय आहे ते विचारा. हेडखाली पिझो (फटक्याचं कंपन टिपणारा सेन्सर) सगळ्यांतच असतो, रिमला मात्र दुसरा पिझो असतो किंवा नुसता स्विच. रोलंडच्या मेश स्नेअरमध्ये सहसा दोन पिझो, यामाहाच्या बऱ्याच पॅडांत स्विच. जुनं पॅड घेताना मल्टीमीटर सोबत न्या: पॅडला स्टिरिओ केबल लावा, मोकळ्या टोकाच्या जॅकवर मधली कडी आणि मागचा भाग यांना टोकं टेकवा आणि रिम दाबा. बीप वाजला तर स्विच. मुकं राहिलं तर बहुधा पिझो. मॉड्यूलचं (पॅडांचा आवाज काढणाऱ्या डब्याचं) इनपुट त्याच प्रकाराला चालणारं हवं. केबल स्टिरिओच. मोनो केबलमध्ये कडी आणि मागचा भाग जोडलेलेच असतात. त्यामुळे पिझोवाली रिम गप्प होते, आणि स्विचवाल्या पॅडमध्ये हेडवर मारलं तरी रिमचा आवाज येऊ शकतो.

आता ताण. सेटिंगला हात लावण्याआधी हेड नीट ताणून घ्या, कारण नंतर ताण बदलला की केलेली सगळी सेटिंग वाया. बोल्ट समोरासमोरचे, एका वेळी अर्धा फेरा. हेड ढिलं राहिलं तर ते फटक्यानंतर हेलकावत राहतं आणि एका फटक्याचे दोन आवाज येतात. मधोमध फोमचा कोन (शंकू) असेल तर हेड काढल्यावर तो काठापेक्षा २-३ मिलिमीटर वर दिसला पाहिजे. दबून खाली गेला असेल तर हलके फटके गायब होतात. तो कोन बदलायचाच, मॉड्यूलची सेन्सिटिव्हिटी (फटक्याला किती प्रतिसाद द्यायचा ते) वाढवून भागत नाही.

मॉड्यूलमध्ये आधी पॅडचा प्रकार निवडा. तुमचं मॉडेल यादीत नसेल तर त्याच जातीचं जवळचं घ्या. रोलंडच्या मॉड्यूलवर दोन पिझोंच्या मेशला पीडी-१२५ हा प्रकार बऱ्याचदा जुळतो. मग सेन्सिटिव्हिटी: तुमचा सगळ्यात जोरकस फटका मीटरच्या टोकाला जेमतेम टेकावा. मधल्या फटक्यांनाच मीटर भरत असेल तर ती कमी करा, नाहीतर ॲक्सेंट (मुद्दाम जोर दिलेले फटके) उरणारच नाहीत. थ्रेशोल्ड (ज्याहून हलका फटका धरला जात नाही ती मर्यादा) शून्यापासून एकेक वाढवा आणि शेजारच्या टॉमवर जोरात मारून स्नेअर आपोआप वाजतं का ते ऐका. वेगळ्या स्टँडवर ते सहसा वाजत नाही. वाजलंच तर क्रॉसटॉक कॅन्सल (दुसऱ्या पॅडच्या कंपनाने येणारा आवाज रोखणारी सेटिंग) थोडं वाढवा. जास्त वाढवलं तर दोन पॅडं एकदम वाजवल्यावर त्यांतलं हलकं गिळलं जातं.

दुहेरी आवाज तरीही उरला तर मास्क टाइमकडे (एका फटक्यानंतर पुढचे फटके न धरण्याचा वेळ) वळा. रोलंडच्या बऱ्याच मॉड्यूलवर तो ६४ मिलिसेकंदांपर्यंत जातो, पण तिथवर नेऊ नका. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत बत्तिसाव्या नोटांचा (एका ठोक्यात आठ फटक्यांचा) रोल म्हणजे दोन फटक्यांत ६२.५ मिलिसेकंद, म्हणजे अख्खा रोल अर्धा होईल. फ्लॅमचे (आधी हलका, लगेच मागून मुख्य) दोन फटके तर त्याहून कितीतरी जवळ असतात. ८ पासून सुरुवात करा, प्रत्येक वाढीनंतर फ्लॅम वाजवा, आणि त्यातला दुसरा, मुख्य फटका ऐकू येतोय तोवरच थांबा.