घेऊन जा गे मारबत

मारबतीच्या दिवशी आमच्या रेडिओवरच्या सकाळच्या शोला फोनची नुसती झुंबड असते. प्रश्न दरवर्षी एकच, यंदा मारबतीने काय घेऊन जावं? की झालं सुरू. खड्डे न्या, डास न्या, सासूबाईंचं बीपी न्या. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. इतवारीत दोघींची गाठ पडते आणि गर्दी ओरडते, ‘इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’

आता घरातली गोष्ट. खाजगी एफएमवर ऐकू येणारा फोन बहुतेक वेळा थेट नसतो. गाणं वाजत असताना आम्ही तो रेकॉर्ड करतो, नको ते कापतो आणि गाणं संपता संपता सोडतो.

मी शिकलो तिथे हे नव्हतं. सिव्हिल लाइन्सच्या आकाशवाणीत, म्हणजे १९४८ पासूनच्या त्या केंद्रात, मी युववाणी या तरुणांच्या कार्यक्रमाला कॅज्युअल कंपेअर, म्हणजे तात्पुरता निवेदक होतो. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या. क्यू शीट, म्हणजे काय कधी वाजवायचं त्याचा कागद समोर, लाल दिवा लागला की आवाजाची पट्टी, म्हणजे फेडर, वर, खोकला आला तर गिळायचा. बोललं ते गेलं. खाजगीत आल्यावर पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं, चाळीस सेकंदांत संपली पाहिजे. तेव्हा कात्री हातात आली. आधी रात्रीचा शो, मग दुपारचा, मग सकाळचा. आवाज माझा बराच आहे म्हणा, पण सकाळ मिळाली ती कात्रीमुळे.

एका मारबतीच्या दिवशी साडेआठच्या सुमारास एका मावशींचा फोन.

“भाऊ, चार दिवसांपासून तुमच्या रेडिओवर ते ‘घेऊन जा गे मारबत’ कोण ओरडून राहिलं?”

“आमचा प्रोमो आहे मावशी. मागच्या वर्षीच्या एका फोनमधला.”

“मीच आहो ते.”

मी आपला सवयीने हसलो. “अरे वा! मग तर तुम्ही स्टार झाल्या!”

“मी लय बोलली होती जी. पोराचं सांगतलं होतं. तुम्ही नुसती आरोळीच ठेवली.”

स्क्रीनवर आवाजाची हिरवी रेघ सपाट झाली. मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. त्या सकाळी असे तीसेक फोन कापले असतील.

“चुकलं मावशी. आज सांगा, काही कापत नाही.”

“नाही. ते आता नाही लागत.”

पुढचं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच बोलल्या, “यंदा उंदीर न्याले सांगा मारबतले. घरात लय झाले. ज्वारीचं पोतं फोडलं. पेटीत पोराच्या शाळेच्या वह्या ठेवल्या होत्या, मराठीची, गणिताची, साऱ्या कुरतडल्या. मराठीच्या वहीचं पुठ्ठं तेवढं राहिलं.”

मग पिंजरा कुठून आणला, गुळात औषध कसं कालवलं, शेजारचीने मांजर द्यायचं कबूल करून कसं दिलं नाही, सगळं. तीन मिनिटं दहा सेकंद. एका जागीही न कापता सोडलं. एक गाणं उडालं, जाहिराती पुढे सरकल्या. साहेब काचेपलीकडून हातवारे करत होते. नंतर विचारलंच, “उंदरांवर तीन मिनिटं?”

शो संपल्यावर कॉम्प्युटरमध्ये मागच्या वर्षीचं शोधलं. मूळ रेकॉर्डिंग आम्ही ठेवत नाही. ‘मारबत मावशी फायनल’ नावाची एकच फाइल सापडली, चार सेकंदांची. पोऱ्याला म्हटलं, हा प्रोमो काढ. काढतो म्हणाला, पण दिवसाचं शेड्युल आधीच लागलेलं होतं. बाराच्या ठोक्याला तो पुन्हा वाजला.