अकाऊंट हॅक झालेलंच नसतं

'मित्रांनो, माझं अकाऊंट हॅक झालं आहे, माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका.' फेसबुकवर अशी पोस्ट अधूनमधून दिसतेच. खाली पन्नास जण 'पासवर्ड बदला' असं सांगून जातात. तो बदललाही जातो. आणि चार दिवसांनी त्याच नावाने पुन्हा कुणाला तरी मेसेज जातो, कारण हॅक काही झालेलंच नसतं. तुमच्या घराचं कुलूप कुणी तोडलेलं नाही. तुमच्या नावाची पाटी लावून शेजारी दुसरं घर थाटलंय. आपल्या दाराचं कुलूप बदलून त्या घरावर काय परिणाम होणार?

खरं हॅकिंगही होतं, त्याकडे पुढे येतो. पण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी आपल्याला नेमकं काय झालंय ते ओळखायला हवं. सोपी खूण: तुम्ही अजून स्वतःच्या अकाऊंटमध्ये नीट आहात, आणि तुम्ही न पाठवलेला एकही मेसेज तिथे नाही, तर ते बहुतेक क्लोन आहे, म्हणजे तुमच्या नावाचं आणि फोटोचं दुसऱ्याने उघडलेलं नकली खातं.

क्लोन करायला दहा मिनिटंही लागत नाहीत. तुमचा प्रोफाइल फोटो आणि कव्हर उतरवून घ्यायचे, त्याच नावाचं नवं खातं उघडायचं, तुमची उघडी पडलेली फ्रेंड लिस्ट समोर ठेवून एकेकाला रिक्वेस्ट टाकायची. त्याआधी एक काम मात्र भामटा न विसरता करतो: तुम्हाला ब्लॉक. म्हणून मित्राने कळवल्यावर तुम्ही स्वतःचं नाव शोधता आणि काहीच सापडत नाही. 'मला तर दिसत नाही, गेलं असेल' असं समजून लोक विषय सोडून देतात. ते गेलेलं नसतं.

रिक्वेस्ट आली की आपण काय पाहतो? म्युच्युअल फ्रेंड. '१४ म्युच्युअल' दिसले की बोट आपोआप बटणावर जातं. पण हे चौदा जण तुमच्यासारखेच फसलेले आहेत. पहिल्या दोघांनी न बघता स्वीकारलं, त्यांच्याकडे बघून पुढच्या पाचांनी. हा आकडा पुरावा म्हणून धरूच नका. त्यापेक्षा हा माणूस आपल्या यादीत आधीच आहे का ते शोधा. एवढी एकच तपासणी बहुतेक क्लोन पकडते. मग प्रोफाइल उघडून तारखा पाहा. सगळे फोटो एकाच दिवशी, एकाच तासात चढवलेले, त्यावर तीनचार लाइक, आणि त्याआधीचं काहीच नाही. वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची भिंत इतकी कोरी नसते.

मग मेसेंजरवर बोलणं सुरू होतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेला नमुना फर्निचरचा:

'हॅलो, कैसे हैं आप? अपना नंबर भेजिए।'
'मेरे एक मित्र सीआरपीएफ में अफसर हैं। उनका ट्रान्सफर हो गया है, घर का सामान सस्ते में बेच रहे हैं।'

लगेच व्हॉट्सॲपवर त्या 'अफसर'चा मेसेज, गणवेशातला फोटो, ओळखपत्र, आणि सोफा-फ्रिज-एसीची छायाचित्रं. सामान लष्करी ट्रकमधून पाठवतो, अर्धे पैसे आधी द्या. हे सोंग बहुधा मोठ्या अधिकाऱ्यांच्या, प्राध्यापकांच्या, डॉक्टरांच्या नावाने घेतलं जातं. साहेबांना उलट प्रश्न विचारायला लोक कचरतात, हे भामट्यांना पक्कं ठाऊक असतं.

मराठी माणसाला इथे एक आयती चाळणी मिळते. तुमच्याशी जन्मभर मराठीत बोललेला चुलतभाऊ अचानक 'कैसे हैं आप' म्हणू लागला तर तिथेच थांबा. हल्ली भाषांतर करून मराठीतही लिहितात, पण ती मराठी ऐकून बघा: 'नमस्कार, तुम्ही कसे आहात? मला तुमची एक तातडीची मदत हवी आहे.' तुम्हाला 'काय रे बंड्या' म्हणणारा मामा असं लिहील का? नात्यातलं अरे-तुरे, घरातली टोपणनावं, कोण कुणाला अहोजाहो करतो, हे प्रोफाइलवर कुठेच लिहिलेलं नसतं. विचारायचंच असेल तर तिथलं विचारा. जन्मतारीख, गाव, कॉलेज हे सगळं त्याच्यासमोर उघडंच आहे.

क्लोन उतरवायचा तर तक्रार नावावर करून चालत नाही, लिंक लागते. एका नावाची शेकडो माणसं असतात, शिवाय गडबड दिसली की हा माणूस नाव बदलतो. खात्याचा आकडी आयडी मात्र बदलत नाही. ज्याला ते खातं दिसतंय त्या मित्राने प्रोफाइलवरचे तीन ठिपके दाबून लिंक कॉपी करावी, स्क्रीनशॉट घ्यावेत, आणि मगच रिपोर्ट करावा. आधी रिपोर्ट करून मोकळे झालात आणि खातं उडालं तर पोलिसांना दाखवायला हातात काही उरत नाही. रिपोर्टमध्ये खोटं प्रोफाइल किंवा दुसऱ्याचं सोंग घेतल्याचा पर्याय निवडायचा, 'अ फ्रेंड' म्हणायचं आणि खऱ्या माणसाचं खातं यादीतून दाखवून द्यायचं. बटणांवरचे शब्द अधूनमधून बदलतात, क्रम साधारण हाच. गंमत म्हणजे बरेच जण उत्साहात 'स्पॅम' किंवा 'आवडलं नाही' वर तक्रार टाकतात आणि मग कंपनी काही करत नाही म्हणून चिडतात. इन्स्टाग्रामवर सोंगाची तक्रार ज्याचं सोंग घेतलंय त्याने किंवा त्याच्या वतीने अधिकृत माणसाने करावी लागते, आणि त्यात सरकारी ओळखपत्राचा फोटो मागतात.

आता खरं हॅकिंग. व्हॉट्सॲपवर ते बहुतेक तीन दारांनी येतं. पहिलं जुनंच: ओळखीच्या नंबरावरून 'चुकून तुझ्याकडे सहा आकडी कोड गेलाय, पाठव ना'. हा कोड म्हणजे तुमच्याच व्हॉट्सॲपची किल्ली. ओळखीचा नंबर आधीच त्यांच्या ताब्यात गेलेला असतो. दुसरं जास्त चलाख. कुरिअरवाला म्हणून फोन येतो, 'डिलिव्हरी बॉयचा नंबर देतो, फक्त एवढं डायल करा'. तो आकडा *२१* किंवा *४०१* ने सुरू होतो, पुढे दहा आकडी मोबाइल नंबर. डायल केलंत की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. मग तो व्हॉट्सॲपला कोड एसएमएसने नको, फोन करून सांगा म्हणतो, आणि कोड त्याच्या कानात पडतो. यातली वाईट गोष्ट अशी की शंका येऊन कुणी तुम्हाला साधा फोन लावला, तरी तोही त्याच्याचकडे वाजतो. म्हणून पैसे मागणाऱ्याची खातरजमा करताना आवाज ओळखीचा नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला फोन लावा. कॉल वळवलेत का ते *#२१# ने कळतं, सगळं वळवणं ##००२# ने रद्द होतं.

तिसरं दार लिंक्ड डिव्हाइसेसचं, म्हणजे तुमच्या खात्याला जोडलेल्या इतर यंत्रांचं. 'हा फोटो तुझाच ना?' अशी लिंक येते, पान नंबर मागतं, मग आठ अक्षरी कोड देऊन तो व्हॉट्सॲपमध्ये टाकायला सांगतं. तुम्ही तो टाकता आणि भामट्याचा संगणक तुमच्या खात्याला जोडला जातो. यात तुमचं व्हॉट्सॲप तुमच्या फोनवर नेहमीसारखं चालू राहतं, म्हणून कित्येक दिवस पत्ता लागत नाही. आणि पहिल्या दोन प्रकारांत जुनं चॅट त्याला मिळत नाही, ते इथे मिळतं. सेटिंग्जमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून अनोळखी यंत्र दिसलं तर लॉग आउट करा.

खातंच हातचं गेलं असेल तर कॉल वळवणं आधी रद्द करा, आपल्या फोनवर पुन्हा आपला नंबर टाका, एसएमएसने आलेला कोड भरा. तो भरला की समोरचा बाहेर फेकला जातो. नंतर पिन मागितला आणि तो तुम्ही लावलेला नसेल, तर चोराने लावलाय. सात दिवस थांबावं लागतं, पण त्या काळात तोही आत नसतो. ही वेळ येऊ नये म्हणून टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आजच लावा, जन्मतारीख सोडून, आणि सोबत ईमेलही जोडा.

पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकी सगळं नंतर. पोस्ट लिहिणं, नातेवाइकांना विचारणं, भामट्याशी भांडणं, यात तास जातो, आणि तेवढ्यात रक्कम चारपाच भाड्याच्या खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर येते. फोन लावताना हाताशी ठेवा: रक्कम, वेळ, तुमची बँक, ज्या यूपीआय आयडीवर गेले तो, आणि यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक. रक्कम पुढच्या खात्यात अजून असेल तर तिथे गोठवता येते. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार पुरी करा. ठाण्यात 'आमची हद्द नाही' म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची आहे. सोंग घेऊन फसवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे.

यूपीआयने पैसे पाठवण्याआधी पडद्यावर घेणाऱ्याचं बँकेतलं नाव येतं, ते वाचायची सवय लावा. साहेबांच्या नावाने पैसे मागितले आणि पडद्यावर तिसऱ्याच कुणाचं नाव आलं, तर भामट्याचं 'माझ्या मित्राचं खातं आहे' हे उत्तर तयारच असतं. त्यावर विसंबू नका.

फेसबुकवर दोनच गोष्टी करून ठेवा: 'फ्रेंड लिस्ट कोण पाहू शकतं' ते 'ओन्ली मी' करा, आणि नावाशेजारच्या तीन ठिपक्यांतून प्रोफाइल लॉक करा. तरीही जुन्या सार्वजनिक फोटोंखालच्या कमेंटमधून नातेवाइकांची नावं गोळा करता येतात. वाढदिवसाच्या फोटोखाली 'आत्याकडून आशीर्वाद' हे आपणच लिहून ठेवलेलं असतं.

आणि ती 'हॅक झालं' पोस्ट टाकलीतच, तर खाली येणाऱ्या कमेंटकडे लक्ष असू द्या. 'माझंही असंच झालं होतं, इन्स्टावरच्या अमुक सायबर एक्स्पर्टने सगळे पैसे परत मिळवून दिले.' हा त्याच धंद्याचा दुसरा गाळा. गोठवलेली रक्कम परत येते ती बँकेतून, बहुधा कोर्टाच्या आदेशाने, आणि त्यासाठी कुणाला आधी प्रोसेसिंग फी किंवा जीएसटी यूपीआयने पाठवावा लागत नाही.