वहीला वर्गणी कशाला?

मी सॉफ्टवेअर करतो हे कळलं की प्रश्न ठरलेला. परवा दातांच्या डॉक्टरांनीही विचारलं, तेही माझ्या तोंडात कापूस कोंबल्यावर: "नोंदी लिहायचं साधं ॲप, त्याला दरवर्षी पैसे? एकदाच काय ते घ्या की!" तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

लिहिण्याचा भाग खरोखर स्वस्त आहे. कीबोर्ड, फाँट, सगळं फोनमध्ये आयतं असतं. खर्च सुरू होतो 'फोनवरचं लॅपटॉपवरही दिसू दे' म्हटल्यावर. बोगद्यात रेंज नसताना तुम्ही किराणा यादीत तूरडाळ घातलीत, त्याच वेळी घरी बायकोने तिच्या फोनवर त्याच यादीतली साखर खोडली. रेंज आली. आता खरी यादी कोणाची? शेवटी आलेली ठेवावी, तर एकाचं लिहिलेलं गुपचूप जातं. दोन्हीचा मेळ घालायचा, तर प्रत्येक बदलाचा माग ठेवावा लागतो. या एका भानगडीत माझे महिनेच्या महिने गेलेत.

आपल्या भाषेची तऱ्हा आणखी निराळी. 'ॲ' हे एकच चिन्ह म्हणूनही टाइप होतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण यंत्राला नाही. त्यामुळे 'ॲप' शोधलं की निम्म्या नोंदी गायब. हे त्याला कोणीतरी बसून शिकवावं लागतं.

शिवाय दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास आयफोनची नवी प्रणाली येते आणि काल चालणारं काहीतरी आज चालत नाही. ॲपलच्या दुकानात मांडणावळ वर्षाला 99 डॉलर, वर विक्रीत लहान विक्रेत्याकडून 15 टक्के, मोठ्याकडून 30. सर्व्हरचं भाडं दरमहा. एकदाच पैसे घेतले, तर जुन्या गिऱ्हाइकांचा सांभाळ नव्यांच्या पैशांवर करायचा. नवे यायचे थांबले की संपलं.

म्हणून सगळी वर्गणी रास्त, असं मात्र मी म्हणणार नाही. 2021 च्या नोव्हेंबरात नोटॅबिलिटी या नोंदींच्या ॲपने वर्गणी आणली आणि आधीच विकत घेतलेल्यांनाही वर्षभराचीच मुदत दिली. लोक खवळले, काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. बरंच झालं. विकलेलं ते विकलेलं. एव्हरनोट या तशाच दुसऱ्या ॲपने 2023 अखेर फुकटवाल्यांना 50 नोंदींवर आणलं. तो त्यांचा हक्क, पण वर्षानुवर्षं मोकळी ठेवलेली पंगत अशी उठवली की माणसं शिव्या देणारच.

मला ऑब्सिडियन या नोंदींच्याच ॲपचा हिशेब पटतो. नोंदी साध्या मजकुराच्या फायलींत, आपल्याच मशीनवर. ॲप फुकट. सगळ्या यंत्रांवर जुळवून हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे. म्हणजे तूरडाळ-साखरेच्या भांडणाचे. ते मी बिनतक्रार देईन.

डॉक्टरांना हे सगळं सांगायचं राहूनच गेलं. कापूस निघाला तेव्हा ते म्हणत होते, "दर सहा महिन्यांनी दाखवून जात जा."